मांडीवरचा कागद, हातातलं पेन

रेडिओवर एटिस लागलेलं आहे. एटिस म्हणजे विमानतळावरचं हवामान आणि चालू धावपट्टी सांगणारं, पुन्हा पुन्हा वाजणारं निवेदन. आवाज एकसुरी, आणि वेग असा की ऐकणाऱ्यानं श्वास घ्यायला थांबू नये. माहिती 'किलो', धावपट्टी २७, वारा २६० अंशांवरून १० नॉट, दृश्यमानता ४००० मीटर, धुरकं, तापमान ३१, दवबिंदू २३, क्यूएनएच म्हणजे हवेचा दाब १००८. वैमानिकाच्या उजव्या मांडीला पट्ट्यानं बांधलेली एक लहान पाटी असते. तिला नीबोर्ड म्हणतात. तिच्या चिमट्यातल्या कागदावर एवढंच उमटतं: के, २७, २६०/१०, ४००० धु, ३१/२३, १००८.

एटिस हुकलं तर पुन्हा ऐकता येतं. पुढे येतो तो क्लिअरन्स, म्हणजे उड्डाणाची परवानगी, मात्र माणूस बोलतो, आणि त्याच्यामागे आणखी चार विमानं रांगेत असतात. कुठवर जायचं, कोणत्या मार्गानं, सुरुवातीला किती उंचीपर्यंत चढायचं, निघाल्यावर कोणत्या फ्रीक्वेन्सीवर बोलायचं आणि ट्रान्सपाँडरवर कोणता चार आकडी कोड लावायचा, हे सगळं एका दमात येतं. क्रम ठरलेला असल्यामुळे जाणते वैमानिक कागदाच्या डाव्या कडेला आद्याक्षरं आधीच एकाखाली एक मांडून ठेवतात आणि समोर फक्त आकडे भरतात. कोडातला प्रत्येक आकडा शून्य ते सात यांतलाच असतो. त्यामुळे कागदावर आठ किंवा नऊ दिसला, की आपण ऐकण्यात किंवा लिहिण्यात चुकलो हे तिथल्या तिथे कळतं. लिहिलेलं सगळं नियंत्रकाला परत वाचून दाखवायचं असतं आणि त्यानं बरोबर म्हटल्यावरच काम पुढे सरकतं. मोठ्या विमानतळांवर प्रवासी विमानांना ही परवानगी आता पडद्यावर अक्षरांत येते. पण लहान विमानतळ, लहान विमानं, उड्डाणातले बदल आणि आणीबाणी यांचा कारभार अजून आवाज आणि कागद यांवरच चालतो.

अशा वेळी पेनानं पहिल्या फराट्यात शाई सोडली नाही, तर मन दोन ठिकाणी वाटलं जातं. डोळे कागदाच्या कोपऱ्यात गिरगोट्या करण्यात अडकतात, कान आकडे सोडून देतात. जमिनीवर हे नुसतं खटकतं. खालच्या ढगांतून धावपट्टीकडे उतरताना, नियंत्रकानं नवीन दिशा आणि उंची सांगितलेली असताना, हेच धोक्याचं होतं. म्हणून कॉकपिटमधल्या पेनाची गणना मी उपकरणांत करते. उंचीमापकाची तपासणी उड्डाणाआधी होते, तशी याचीही व्हायला हवी. तरीही उड्डाणविद्यालयाच्या सामानाच्या यादीत हेडसेट कोणता घ्यावा यावर सल्ल्यांचा पाऊस पडतो आणि पेनाच्या पुढे 'पेन' एवढंच लिहिलेलं असतं. या लेखात त्या एका शब्दाचा पाठपुरावा केला आहे.

आधी शाईचं पेन निकालात काढू. मला स्वतःला ते फार आवडतं, पण विमानात त्याचं जमत नाही, आणि कारण सरळ भौतिकशास्त्राचं आहे. प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये दाब राखलेला असला, तरी तो जमिनीवरच्या दाबाइतका नसतो. साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर जेवढा असतो, तेवढाच असतो. आठ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे तीन-चतुर्थांश राहतो. म्हणजे पेनाच्या पोटात शाईच्या वर अडकलेली हवा जवळपास एक-तृतीयांशानं फुगते आणि शाईला जिभेतून बाहेर ढकलते. पेन पूर्ण भरलेलं असेल तर आत हवाच नसते, पूर्ण रिकामं असेल तर शाई नसते, आणि अर्धं असेल तर खिसा निळा होतो. निब वर ठेवली की हवा आधी निघून जाते, हा उपाय प्रवाशाला पुरतो. दर दोन मिनिटांनी लिहिणाऱ्या वैमानिकाला तो कसा पुरणार? पातळ शाईच्या रोलरबॉलचं दुखणंही याच जातीचं आहे. जपानच्या मित्सुबिशी पेन्सिल कंपनीनं 'युनिबॉल व्हिजन एलिट' काढलं, ते विमानात न गळणारं पेन म्हणून. आत शाईचा ओघ सांभाळणारी रचना आहे आणि ते वागतंही बरं. पण त्याला टोपण आहे. टोपणाचा मुद्दा पुढे येईलच.

बॉलपेनचा आणि विमानाचा संबंध जुना आहे. हंगेरीचे पत्रकार लास्लो बिरो यांनी बॉलपेनचं ब्रिटिश पेटंट १९३८ साली घेतलं. छापखान्यातली शाई चटकन वाळते आणि पसरत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. पण ती शाई नेहमीच्या निबेतून वाहत नव्हती. म्हणून टोकाला फिरणारी गोळी आली. घट्ट शाईचं सूत्र जमवायला रसायनशास्त्र जाणणारे त्यांचे भाऊ ग्यॉर्गी मदतीला होते. युरोपात युद्ध पेटल्यावर बिरो अर्जेंटिनाला गेले आणि १९४३ साली तिथे सुधारित पेटंट घेतलं. हेन्री मार्टिन या इंग्रज गृहस्थांच्या लक्षात आलं, की उंचीवर न गळणारं हे पेन वैमानिकांच्या आणि नॅव्हिगेटरांच्या कामाचं आहे. त्यांनी विमानं बनवणाऱ्या फ्रेडरिक माइल्स यांना सोबत घेऊन कंपनी काढली आणि ब्रिटिश हवाई दलासाठी ३०,००० पेनं तयार झाली. न्यूयॉर्कच्या गिंबल्स दुकानात साडेबारा डॉलरला एक या भावानं बॉलपेन विकायला ठेवलं गेलं ते त्यानंतर, ऑक्टोबर १९४५ मध्ये. आणि मार्सेल बिक यांचं स्वस्त, पारदर्शक 'बिक क्रिस्टल' आलं १९५० साली. आपण वहीत गिरवलेल्या बॉलपेनला पहिलं मोठं गिऱ्हाईक आकाशातलं मिळालं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

ते न गळण्याचं कारण शाईच्या घट्टपणात आहे. रिफिलची मागची बाजू उघडी असते. दाब दोन्हीकडून सारखाच कमी होतो, आणि शाई पातळ नसल्यामुळे ती जागची हलत नाही. अडचण येते ती पेन उलटं धरल्यावर. डोक्यावरच्या पॅनेलवर कागद टेकवून किंवा खिडकीच्या काचेवर हात उंच करून दोन ओळी लिहिल्या, की गोळीपाशी हवा शिरते आणि रेघ तुटते. थंडीतही शाई आखडते. हिमालयात उंचावर जाणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये साधं बॉलपेन बाहेरच्या खिशात ठेवलं, तर ते गरजेच्या वेळी मुकं होतं. अंगाला लागून असलेल्या आतल्या खिशात ठेवलं तर लिहितं. हा उपाय फुकटचा आहे, म्हणून मुद्दाम सांगितला.

उलटं, थंडीत, ओल्या कागदावर आणि तेलकट कागदावर लिहिणारं पेन हवं असेल, तर दाबाच्या रिफिलकडे जावं लागतं. तिचे जनक पॉल फिशर. त्यांच्या पेनाबद्दल भारतात एक विनोद वर्षानुवर्षं फिरतो आहे: अमेरिकेनं अंतराळात लिहिणाऱ्या पेनावर लाखो डॉलर उधळले आणि रशियानं शिसपेन्सिल वापरली. खरा इतिहास याहून चांगला आहे. अमेरिकेच्या अंतराळसंस्थेनंही आधी पेन्सिलीच वापरल्या. १९६५ मध्ये ह्यूस्टनच्या एका कंपनीकडून ३४ यांत्रिक पेन्सिली घेतल्या आणि एकेकीचा खर्च सुमारे १२९ डॉलर निघाला, तेव्हा बोंब झाली. फिशर यांनी आपलं पेन स्वतःच्या पैशानं विकसित केलं आणि १९६६ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. रिफिलमध्ये नायट्रोजन वायू दाबून भरलेला. शाई अशी, की स्थिर असताना जेलीसारखी घट्ट आणि गोळी फिरली की पातळ. गोळी टंगस्टन कार्बाइडची. तपासणीनंतर अंतराळसंस्थेनं सुमारे ४०० पेनं घेतली आणि ऑक्टोबर १९६८ च्या अपोलो ७ मध्ये ती वर गेली. १९६९ मध्ये सोव्हिएत संघानंही तीच पेनं विकत घेतली.

पेन्सिल नको म्हणण्यामागे कारण होतं. शिशाचं टोक मोडलं तर ग्रॅफाइटचा कण भारहीन अवस्थेत तरंगत राहतो. ग्रॅफाइटमधून वीज वाहते. लाकूड आणि ग्रॅफाइट दोन्ही जळतात. जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ च्या यानात जमिनीवरच्या चाचणीत आग लागून तीन अंतराळवीर गेले होते. त्यानंतर यानात काय जळू शकतं याचा हिशेब कडक होणारच होता. या कहाणीला एक पुरवणी आहे. स्पेनचे अंतराळवीर पेद्रो दुके २००३ साली सोयूझमधून गेले, तेव्हा त्यांनी साधं बॉलपेन वापरून पाहिलं आणि ते व्यवस्थित चाललं. भारहीनतेत शाई मागे ओढणारंही काही नसतं. म्हणजे उलटं धरलेलं पेन आपल्या लहान सेसना विमानात जितकं अडतं, तितकं ते अंतराळात अडत नाही. दाबाच्या रिफिलची खरी गरज पृथ्वीवरच, कलंडणाऱ्या, गारठणाऱ्या कॉकपिटमध्ये आहे. जपानी 'पॉवर टँक' आणि 'एअरप्रेस' ही पेनं याच जातीची आहेत आणि फिशरच्या पेनापेक्षा स्वस्त पडतात.

अंतराळातल्या लेखणीचे दोन प्रसंग मला वैमानिकांना सांगावेसे वाटतात. पहिला अपोलो ११ चा. चंद्रावरून उठण्यासाठी ज्या इंजिनाची गरज होती, त्याच्या सर्किट ब्रेकरचं बटण मोडलेलं बझ ऑल्ड्रिन यांना दिसलं. विजेच्या बटणात धातू घालायचा नव्हता. त्यांनी खिशातलं फेल्ट टिपचं पेन तिथे खुपसून बटण आत ढकललं आणि यान उठलं. दुसरा प्रसंग एप्रिल १९७० चा, अपोलो १३ चा. स्फोटानंतर मुख्य यान बंद करून चांद्रयानात जायचं होतं. मुख्य यानाच्या दिशादर्शक यंत्रणेचे कोन चांद्रयानाच्या यंत्रणेत बदलून भरायचे होते. जिम लॉव्हेल यांनी ते गणित चेकलिस्टच्या पानावर हातानं मांडलं आणि आपली बेरीज-वजाबाकी तपासून द्या, असं ह्यूस्टनला सांगितलं. इतक्या ताणाखाली माणूस आकड्यांवर आपला आपण विश्वास ठेवू शकत नाही. पण आकडे कागदावर असले की दुसऱ्याला तपासता येतात. लिहिण्याची सगळी सुरक्षा याच एका सोयीत आहे.

आता पेन्सिलीकडे. जमिनीजवळच्या उड्डाणांत तिचा मान मोठा आहे. चार्ल्स लिंडबर्ग २० मे १९२७ ला न्यूयॉर्कहून एकटे निघाले आणि साडेतेहेतीस तासांनी पॅरिसला उतरले. पाच टाक्यांतलं इंधन आळीपाळीनं वापरताना कोणत्या टाकीवर किती वेळ गेला याच्या खुणा त्यांनी पेन्सिलीनं थेट उपकरणफलकावर केल्या. ते विमान वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात टांगलेलं आहे आणि त्या रेघा अजून दिसतात. झोपेनं डोळे मिटत असताना हिशेब डोक्यात ठेवायचा नाही, नजरेसमोर ठेवायचा, ही त्यांची शिस्त होती. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. त्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. आकडेमोडीला होती ती स्लाइड रूल.

तिची नात म्हणावी अशी ई-सिक्स-बी नावाची गोल चकती आजही प्रत्येक शिकाऊ वैमानिकाच्या पिशवीत असते. फिलिप डाल्टन या अमेरिकी अधिकाऱ्यानं तयार केलेली ही रचना दुसऱ्या महायुद्धात घराघरांतून आलेल्या पोरांच्या हाती गेली. तिची मागची बाजू वाऱ्याचं गणित सोडवते. तिथे घासून खरबरीत केलेलं पारदर्शक प्लास्टिक आहे. मधल्या टिंबापासून वाऱ्याच्या वेगाइतक्या अंतरावर पेन्सिलीनं ठिपका द्यायचा, चकती आपल्या मार्गाच्या अंशांवर फिरवायची आणि सरकपट्टी हलवून ठिपका विमानाच्या वेगाच्या कमानीवर आणायचा. समजा पूर्वेला जायचं आहे, विमानाचा वेग १०० नॉट आणि वारा बरोबर उत्तरेकडून २० नॉट. चकती सांगते की नाक साधारण साडेअकरा अंश डावीकडे ठेवा आणि जमिनीवरून तुमचा वेग ९८ नॉट राहील. ठिपका जाड असेल, तर उत्तर एखाद्या अंशानं इकडेतिकडे होतं. एक अंश चुकला की साठ मैलांवर एक मैल बाजूला, हे नॅव्हिगेशनच्या पहिल्या धड्यातलं वाक्य आहे. महाराष्ट्रात पावसाळी धुरकट हवेत साठ मैलांवरचं गाव एक मैलानं हुकलं, तर ते दिसतही नाही.

या ठिपक्यासाठी २बी पेन्सिल लागते. एचबीची रेघ उन्हात दिसत नाही आणि जोर दिला तर प्लास्टिक ओरखडतं. २बीचा ठिपका काळा पडतो आणि ओल्या बोटानं पुसला जातो. बॉलपेननं ठिपका दिला तर तो कायमचा बसतो, आणि पुढच्या वेळी दोन ठिपक्यांतला आपला कोणता, हा प्रश्न हवेत पडतो. पेन्सिल षटकोनी असावी, गोल असली की घरंगळते. नटराज आणि अप्सरा मुंबईच्या हिंदुस्तान पेन्सिल्सच्या आहेत, कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि या कामाला उत्तम आहेत. यांत्रिक पेन्सिल हवी असेल, तर ०.५ मिलिमीटरचं शिसं विमान हलताना पटापट मोडतं. ०.७ चालतं. ०.९ त्याहून चांगलं.

युद्धकाळात पेन्सिलीवर आणखी एक जबाबदारी पडली. इंग्लंडमधल्या केसविक इथल्या कंबरलँड पेन्सिल कंपनीनं ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबर विमानांतल्या माणसांसाठी पोकळ पेन्सिली बनवल्या. आत गुंडाळीचा नकाशा आणि खोडरबराखाली चिमुकलं होकायंत्र. शत्रूच्या मुलखात विमान पडलं, तर वाट काढायला. ही युक्ती चार्ल्स फ्रेझर-स्मिथ यांची. बाहेरून बघणाऱ्याला ती हिरवी, साधी पेन्सिलच दिसे. त्यातल्या काही केसविकच्या पेन्सिल संग्रहालयात आहेत.

कागदावर आणि खरबरीत प्लास्टिकवर पेन्सिल चालते, गुळगुळीत प्लास्टिकवर नाही. तिथे मेणाची पेन्सिल, म्हणजे चायनाग्राफ. नकाशाच्या प्लास्टिकवर, काचेवर, पर्स्पेक्सवर, अगदी दमट पृष्ठभागावरही ती लिहिते आणि कोरड्या फडक्यानं निघते. हातमोजा घातलेल्या लढाऊ वैमानिकाला ती पकडायला जाड आणि सोपी, म्हणून कॅनोपीच्या काचेच्या कडेला आकडे टिपून ठेवायची सवय हवाई दलांत रुजली. आपल्याकडे तिला शत्रू एकच, ऊन. मे महिन्यात धुळ्याला किंवा गोंदियाला उभ्या असलेल्या विमानाच्या खिडकीशी ती ठेवली, तर दुपारी टोक लोण्यासारखं होतं आणि रेघ बोटभर जाड येते. तिच्या जागी ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिकांवर लिहायचा बारीक, पक्क्या शाईचा मार्कर घ्यावा. युरोपातले वैमानिक लॅमिनेट केलेल्या नकाशावर मार्ग आखायला तोच वापरतात आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसतात. व्हाइटबोर्डचा मार्कर मात्र घेऊ नये. मांडीला घाम येतो, मनगट घासतं, आणि लिहिलेली फ्रीक्वेन्सी पँटवर उतरते.

उन्हाचा विषय निघालाच आहे, तर पुसता येणाऱ्या जेलपेनाबद्दल सावध करायला हवं. पायलट कंपनीचं 'फ्रिक्शन' हे पेन फार सोयीचं आहे. मागच्या रबरानं घासलं की घर्षणाच्या उष्णतेनं शाई रंगहीन होते. मार्ग बदलला, आकडा बदलला, तर खाडाखोड करावी लागत नाही. शिकाऊ मुलांना ते मोहात पाडतं. पण ही शाई सुमारे ६० अंश सेल्सिअसला रंग सोडते. बंद विमान धावपट्टीकडेला उन्हात उभं राहिलं की काचेखालच्या काळ्या फळीवर तेवढं तापमान सहज होतं. सकाळी नीट लिहिलेला उड्डाणाचा आराखडा जेवून येईपर्यंत कोरा झालेला असतो. कडक थंडीत तो परत उमटतो, पण विदर्भात त्या थंडीची वाट कोण पाहणार! लॉगबुकात आणि विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, म्हणजे टेक लॉगमध्ये, तर असं पेन चुकूनही उघडू नये. त्या नोंदी कायमच्या असतात, त्यांवर सही असते. टेक लॉगच्या पानाखाली कार्बनप्रतीही असतात, त्यांवर उमटण्यासाठी दाबून लिहिता येईल असं बॉलपेनच लागतं.

उष्णतेचाच फटका आयपॅडलाही बसतो. प्रवासी कंपन्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत जाडजूड नकाशांच्या बॅगा काढून पडद्यावरचे नकाशे आणले, आणि ते उत्तमच झालं. पण उत्पादकानं आयपॅडसाठी सांगितलेली कामाच्या जागेच्या तापमानाची कमाल मर्यादा ३५ अंश आहे. वातानुकूलन नसलेल्या लहान विमानात, काचेतून थेट ऊन येत असताना, पडदा आधी मंद होतो आणि मग तापल्याची सूचना दाखवून बंद पडतो. अशा वेळी मांडीवरच्या कागदावर पुढच्या दोन टप्प्यांची दिशा, अंतर, वेळ आणि फ्रीक्वेन्सी लिहिलेली असेल तर उड्डाण तसंच पुढे चालू राहतं.

रात्रीचा प्रश्न वेगळा. अंधाराला सरावलेली नजर टिकावी म्हणून कॉकपिटमध्ये पूर्वापार लाल दिवा वापरला गेला. लाल उजेडात पांढरा कागद लाल दिसतो आणि त्यावरची लाल रेघ नाहीशी होते. महत्त्वाची गोष्ट लाल पेनानं अधोरेखित करायची शाळेतली सवय इथे उलटते. ज्या उंचीखाली उतरायचं नाही, नेमकी तीच दिसत नाही. चार रंगांचं पेन अनेक वैमानिकांच्या आवडीचं आहे आणि त्यात चूक काही नाही. रात्री मात्र काळ्यावर राहावं आणि महत्त्वाच्या आकड्याभोवती चौकट करावी. हल्ली मंद पांढरा दिवा अधिक पसंत केला जातो, त्यात रंग टिकतात. तरीही काळा तो काळाच.

टोपणाची गोष्ट राहिली होती. लहान विमानात डावा हात योकवर, म्हणजे विमानाच्या सुकाणूवर, असतो, उजवा कधी थ्रॉटलवर, कधी रेडिओच्या बटणांवर, आणि मधल्या फटीत लिहायचं असतं. टोपण काढायला दोन हात लागतात, नाहीतर दात. काढलेलं टोपण ठेवायचं कुठे? पिळून उघडायच्या पेनाचंही तेच. म्हणून अंगठ्यानं दाबायचं बटणाचं पेनच हवं. डावखुऱ्या वैमानिकाची ओढाताण यात सगळ्यात जास्त होते. डाव्या बाजूच्या आसनावर बसून डाव्या हातानं लिहायचं, तर योक उजव्या हातात घ्यावा लागतो आणि थ्रॉटल मोकळा सुटतो. काहीजण नीबोर्ड डाव्या मांडीवर घेतात, काहीजण उजव्या हातानं आकड्यांपुरतं लिहायला शिकतात. शिकवताना याची दखल घेतली गेलेली मला क्वचितच दिसली.

आणि पेन पडलं तर? ही भीती कुणाला क्षुल्लक वाटू नये. ९ फेब्रुवारी २०१४ ला ब्रिटिश हवाई दलाचं व्हॉयेजर विमान अफगाणिस्तानकडे चाललं होतं. काळ्या समुद्रावर असताना ते अचानक खाली कोसळू लागलं आणि २७ सेकंदांत ४,४०० फूट उतरलं. आत १९८ माणसं होती. चौकशीत कारण निघालं ते एका कॅमेऱ्याचं. कॅप्टनचा कॅमेरा आसनाचा हात आणि साइडस्टिक यांच्या मध्ये अडकला होता आणि आसन पुढे सरकल्यावर त्यानं साइडस्टिक पुढे दाबली. पेन कॅमेऱ्यापेक्षा लहान, म्हणून जास्त अरुंद फटीत जाणारं. रडरच्या पेडलखाली, आसनाच्या रुळात, योकच्या दांड्याच्या भोकात. कसरतीच्या विमानांत तर उड्डाणाआधी खिसे रिकामे करायचा दंडकच असतो, कारण विमान उलटं झालं की जमिनीवरची धूळसुद्धा छताला जाते.

म्हणून पेन बांधलेलं असावं. दोरी एवढी लांब, की कागदाच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत हात मोकळा जावा, आणि एवढी आखूड, की सुटलं तरी मांडीच्या बाजूलाच लोंबावं, पेडलपर्यंत पोचू नये. जाड सुती दोरा चालतो. लवचीक इलॅस्टिक नको, ते पेनाला परत हातावर आपटतं. रंग भडक असावा. काळं पेन काळ्या गालिच्यावर पडलं तर शोधायला मान खाली घालावी लागते, आणि ढगात मान खाली घालून वर केली की भोवळ येते, विमान वळतंय असा खोटाच भास होतो. पेन पडलं तर पडू द्यावं आणि दुसरं काढावं, ही शिकवण जुनी आहे. ती पाळायची तर दुसरं पेन खिशात हवं.

हाताचं अक्षरही या सामानाचाच भाग धरायला हवं. हवेच्या धक्क्यात एक आणि सात सारखे दिसतात, शून्य आणि सहा सारखे दिसतात. साताला मधे आडवी रेघ आणि शून्यावर तिरकी रेघ द्यायची सवय जमिनीवरच लावून घ्यावी. कागद ऐंशी ग्रॅमचा, बिनचकचकीत. चकचकीत कागदावर बॉलपेन घसरतं आणि उन्हात तो डोळ्यांवर येतो.

हे सगळं सामान पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतं: बटणाची दोन बॉलपेनं, एक नारिंगी एक पिवळं, ०.७ची काळी रिफिल. एक षटकोनी २बी किंवा ०.९ची यांत्रिक पेन्सिल, बारीक पक्का मार्कर, सुती दोरा. हिवाळ्यात उत्तरेकडे किंवा डोंगरांत उडणाऱ्यानं दोनातलं एक दाबाच्या रिफिलचं घ्यावं. भारतात प्रशिक्षणाच्या विमानाचा एक तास दहा हजार रुपयांहून महाग पडतो. दाबाचं पेन सोडलं, तर बाकीचं सामान त्या तासातल्या पाचेक मिनिटांच्या पैशांत येतं.

पण सामान घेऊन भागत नाही, ते हाताला बसावं लागतं. यासाठी मी पाहिलेली सगळ्यात चांगली पद्धत एका प्रशिक्षकाची. ते नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात उभ्या विमानात बसवतात. इंजिन बंद. पट्टे आवळलेले, हेडसेट कानावर, डावा हात योकवर, नजर समोरच्या काचेबाहेर. मग ते आधी ध्वनिमुद्रित केलेलं एटिस आणि त्यामागोमाग क्लिअरन्स ऐकवतात, नेहमीच्या वेगानं, मधे न थांबता. मुलानं ते लिहायचं आणि परत वाचून दाखवायचं. नंतर तेच दिवे मालवून, लाल टॉर्चच्या उजेडात. मग मधेच पेन हातातून काढून घेऊन. मुलं टोपणाचं पेन घेऊन येतात, जेलपेन घेऊन येतात, कुणी आईनं दिलेलं शुभशकुनाचं सोनेरी पेन आणतं. तास संपेपर्यंत प्रत्येकाचं आपापलं ठरलेलं असतं, आणि संध्याकाळी फ्लाइंग क्लबाच्या फाटकाबाहेरच्या दुकानात बटणाची पेनं मागणाऱ्यांची रांग लागते. हा तास राज्यातल्या प्रत्येक उड्डाणविद्यालयात व्हायला हवा. त्याला इंधनाचा एक थेंबही लागत नाही.